तिनं टाकून दिलेलं

मिस्त्रीच्या घरात केराच्या टोपल्या भिंतीवर होत्या. केर टाकायच्या नव्हेत, शोभेच्या. सगळ्या जुन्या, तारेच्या, आणि सगळ्या त्याच्या बायकोनं जमवलेल्या. ती एका कचेरीत टायपिस्ट होती. कचेरीनं तारेच्या टोपल्या काढून प्लॅस्टिकच्या आणल्या तेव्हा तिनं आपल्या टेबलाखालची टोपली मागून घेतली आणि घरी आणली. तिथून तिला खूळ लागलं. जुन्या वस्तूंचं दुकान दिसलं की तिचे पाय आपोआप तिकडे वळायचे. एका टोपलीत तिनं दिवा सोडला होता. एकीत लोकरीचे गुंडे ठेवले होते. एक नुसतीच खिडकीपाशी टांगली होती, कारण तिच्या तारांची वीण तिला आवडायची.

मिस्त्री पंखे आणि पाण्याच्या पंपांच्या मोटारी भरून द्यायचा. जळालेली तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची, जन्मभर तेच काम. दुकानाशेजारचा शिंपी त्याला म्हणायचा, "मिस्त्री, इतरांना बायको एकदाच केराची टोपली दाखवते. तुम्हाला चहूबाजूंनी दाखवलीय." मिस्त्री घरी येऊन ते तिला सांगायचा आणि ती पोट धरून हसायची.

ती गेल्यावर शिंप्यानं ती चेष्टा बंद केली. मिस्त्रीला वाटायचं, करावी त्यानं.

भिंतीत एक खिळा मोकळा होता. दुखणं यायच्या आधी तिनंच ठोकून ठेवलेला. जेवताना तो समोर दिसायचा आणि घास उतरायचा नाही. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तो एकटाच तिच्या नेहमीच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेला.

"एकटेच? वहिनी नाही आल्या?" दुकानदारानं विचारलं.

"नाही."

"बऱ्या आहेत ना?"

"आता काही त्रास नाही तिला," मिस्त्री म्हणाला आणि समोर दिसली ती टोपली उचलली. उंच, तोंडाशी पसरट, तारांवर हिरव्या रंगाचे पोपडे राहिलेले. दुकानदार आणखी काही विचारेल या धास्तीनं तो घाईघाईनं बाहेर पडला.

घरी टोपली पुसून खिळ्याला लावली तेव्हा त्याला आठवलं. बायको टोपली घेतली की दुकानाच्या उंबऱ्यावरच ती उलटी करायची आणि बुडावर चापट्या मारायची. आधीच्या माणसाचं काही असेल तर ते इथंच राहू दे, म्हणायची. बहुधा काही पडायचं नाही, पण ती सोडायची नाही. तो विसरला होता. आता एवढ्यासाठी कोण परत जाणार.

सकाळी तो चहा घेऊन समोर उभा राहिला तर टोपलीच्या तळाशी काहीतरी काळं दिसलं. कार्बन पेपर. वापरून पांढुरका झालेला, चार पदरी घडी घातलेला, आणि घडीवरून नख फिरवलेलं.

बायको कधी कागद चुरगाळून टाकायची नाही. घडी घालायची, नख फिरवायची, मग टाकायची. केरालाही इस्त्री करतेस, असं तो म्हणायचा.

आधीच्या मालकाचा असेल, त्यानं मनाशी म्हटलं. पण तारेच्या टोपलीत लपणार काय? आरपार दिसतं. काल पुसताना ती रिकामी होती. कार्बनची शाई त्याच्या बोटांना लागली. त्यानं हात धुतले, मग हुंगले. ती कचेरीतून यायची तेव्हा तिच्या हातांना हाच वास असायचा.

दुसऱ्या दिवशी संत्र्याची साल होती, न तोडता एका लांब पट्टीत सोललेली. मग टाइपरायटरची झिजलेली फीत. मग सिनेमाची फाडलेली तिकिटं. ते सिनेमागृह पाडून तिथे गॅरेज होऊनही बरीच वर्षं झाली होती. लग्नानंतरचा त्यांचा पहिला सिनेमा तिथला.

मिस्त्री घाबरला नाही. कुणाला वाटेल घाबरायला हवं होतं. त्याला उलट भूक लागायला लागली. सकाळी डोळे उघडले की उठावंसं वाटायला लागलं. टोपलीत जे मिळेल ते तो पुसून कपाटात तिच्या कप्प्यात ठेवायचा. शिंपी म्हणाला, "मिस्त्री, तब्येत सुधारली." मिस्त्री म्हणाला, "सुधारली खरी."

मग एकदा लोकरीचा मोजा निघाला. पिवळा, अर्धा विणलेला, सुई काढून घेतलेली. मिस्त्रीच्या अंगठ्याला बसेल एवढा. त्यांना मूलबाळ झालं नव्हतं.

मेहुणी डबा घेऊन आली तेव्हा त्यानं तो तिच्यापुढे ठेवला.

"हा कुठे सापडला तुम्हाला?" तिनं विचारलं. तिनं मोज्याला हात लावला नाही.

"घरातच. कशाचा आहे हा?"

"ताईनं टाकून दिला होता भाऊजी. माझ्या डोळ्यांदेखत टाकला होता."

"कधी?"

"जाऊ द्या आता. तुम्ही तेव्हा कामासाठी बाहेरगावी होता. तुम्ही आलात तोवर सगळं आटोपलं होतं. ती म्हणाली, त्यांना सांगू नकोस, जिवाला लावून घेतील."

डब्याचं झाकण उघडंच राहिलं.

"तुम्ही माझ्याकडे चला राहायला," मेहुणी म्हणाली. "इथे एकटे काय करता? उद्या तुम्हाला काही झालं तर तुमच्यामागे आवरायलाही कोणी नाही."

"इथं बरं आहे माझं."

"काय बरं आहे? कधी आरशात बघितलंय का?" तिनं भिंतीकडे बघितलं. "आणि हे सगळं काढून टाका. तारांमागे कुणीतरी बसल्यासारखं वाटतं."

ती गेल्यावर त्यानं तो मोजा मांडीवर घेतला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की टोपलीतलं सगळं क्रमानं येतंय. आधी कचेरीतलं, मग लग्नानंतरचं, मग हे. वर्षं सरकत होती. आणि तिच्या आयुष्याला शेवट होता. कप्पा भरत चालला म्हणून तो खूष होता, आणि इथं ती दुसऱ्यांदा जायला निघाली होती.

त्यानंतर सकाळी उठावंसं वाटेना. पण तो उठायचा.

चष्म्याची जुनी काडी आली. निवृत्तीच्या समारंभातल्या हाराचा दोरा आला. मग डॉक्टरांच्या दवाखान्यातला कापूस आला, आणि मिस्त्रीनं टोपली खिळ्यावरून काढली. दुकानात नेऊन जळक्या मोटारींच्या मागे ठेवली आणि कुलूप घातलं. पुढचं बघायचं नव्हतं त्याला. एकदा बघून झालं होतं.

सकाळी खिडकीपाशीच्या टोपलीत केस होते. तिची सगळ्यात आवडती टोपली. केस मूठभर होते, बोटाला गुंडाळून नीट वेटोळं केलेले. औषधांनी तिचे केस गळायला लागले तेव्हाचे.

त्यानं हिरवी टोपली परत आणली.

मग गोळ्यांची रिकामी पाकिटं आली. इंजेक्शनची झाकणं आली. ज्यूसच्या नळ्या आल्या, चावून चपट्या झालेल्या.

आणि मग तो कागदी रुमाल आला.

शेवटच्या सकाळी त्यानं तिला चमच्यानं चहा पाजला होता. तिनं ओठ पुसले, रुमालाची घडी घातली. हात थरथरत होता, घडी वाकडी झाली. तरी तिनं तिच्यावरून नख फिरवलं. मग खाटेखालच्या टोपलीत टाकला. दुपारी ती गेली.

रुमालावर चहाचा डाग होता. घडी वाकडी होती.

त्या दिवशी त्यानं दुकान उघडलं नाही. रुमाल हातात धरून बसून राहिला. "बास झालं," तो म्हणाला. "दमलीस तू." खोलीत ते मोठ्यानं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी तो दुपारपर्यंत अंथरुणातच होता. रिकामी टोपली बघायची हिंमत होत नव्हती. मग तहान लागली म्हणून उठला.

टोपली रिकामी नव्हती.

त्याला आधी आनंदच झाला. ती गेली नव्हती. तळाशी गोळ्यांचं पाकीट होतं, निळं. तिच्या कुठल्याच गोळ्या निळ्या पाकिटातल्या नव्हत्या. तिच्या औषधांची तर त्याला झोपेतही ओळख पटली असती.

तो पाकीट घेऊन कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेला.

"हृदयाची आहे ही," औषधवाला म्हणाला. त्यानं पाकीट उजेडात धरलं. "गंमतच आहे. बनवल्याचा महिना पुढचा छापलाय. मशीन चुकलं असेल."

"असेल."

"कुणाची आहे?"

"ओळखीतल्याची."

"मग सांगा त्यांना, दोनच घेतल्यात. ही अशी मध्येच सोडायची नसते."

मिस्त्री घरी आला. रस्त्यात शिंप्यानं हाक मारली, ती त्याला ऐकू आली नाही. कपाट उघडून तिचा कप्पा बघितला. सगळं जागच्या जागी होतं. निळं पाकीट त्यानं तिथं ठेवलं नाही. कुठे ठेवावं ते कळेना, म्हणून खिशातच ठेवलं. मेहुणीला फोन लावला, आणि तिनं उचलायच्या आत ठेवून दिला.

सकाळी टोपलीत काहीतरी बारीक चमकत होतं. नीट दिसेना, म्हणून त्यानं चष्मा लावला.

टोपलीत त्याचाच चष्मा होता.

काडी मोडली म्हणून त्यानं तिला मोटारीची तांब्याची तार गुंडाळली होती. तीच तार, तितकेच वेढे, शेवटी आत मुडपलेलं टोक. फक्त उजव्या काचेला आरपार तडा गेला होता.

त्यानं हात वर नेला आणि नाकावरच्या चष्म्याची उजवी काच चाचपून बघितली.

ती अजून शाबूत होती.