चांगुणामावशींची घंटा

दिवा जरा इकडे सरकवा, म्हणजे सांगते. मध्येच 'पुरे, पुरे' म्हणायचं नाही. घाबरायचं असेल तर शेवटी एकदम घाबरा.

१९८६च्या जूनमधली गोष्ट. मी तेव्हा पनवेलच्या शाळेत शिकवत होते. एक दिवस प्राचार्य रावसाहेबांचं पोस्टकार्ड आलं. 'माजी विद्यार्थिनींनी रविवारी चार वाजता यावे. काम नाजूक आहे.' मला वाटलं कोणाचा तरी सत्कार असेल, आणि सतरंज्या घालायला आम्ही लागत असू.

आमचं महिला महाविद्यालय उरण रस्त्याला, मिठागरांच्या कडेला. १९७२ साली मी तिथे नाव घातलं, तेव्हा नवी मुंबई कागदावरच होती. माझ्या बापाने एकच प्रश्न विचारला होता, "थितं पोरं हायत का?" नाहीत म्हटल्यावर मी पदवीधर झाले.

खरं तर त्याची खात्री पटवली ती चांगुणामावशींनी. त्या माडीवरच्या वसतिगृहाच्या मावशी, आमच्याच आगरी गावातल्या. प्रत्येक मुलीच्या बापाला त्या छातीवर हात ठेवून सांगायच्या, "एक बापया वर जानार नाय." बापया म्हणजे पुरुष. आणि नळवाला किंवा सुतार आलाच, तर मावशी पितळी घंटा बडवत त्याच्या पुढे जिना चढायच्या. "पोरींनो, दारां लावा! बापया आयला!" क्षणात माडीवरची सगळी दारं धाडधाड बंद.

त्या माडीवर आम्ही केस मोकळे सोडून कॅरम खेळलो. फ्यूज उडाला की माझी मैत्रीण जयमाला स्टुलावर चढायची. नाटकातला राजाही तीच आणि प्रधानही तीच, कारण आवाज तिचाच होता. तीन वर्षांत मी एकदाही पदर सावरला नाही. तशी तीन वर्षं पुन्हा मिळाली नाहीत हो, काय लपवायचं!

पुढे वाशी-पनवेलला कॉलेजं निघाली, मुली बसने तिकडे जायला लागल्या. वसतिगृह बंद पडलं, माडीवर वर्ग भरायला लागले, आणि १९८५ साली आमच्या कॉलेजात चक्क मुलगे घेतले! आम्ही माजी विद्यार्थिनींनी निषेधाचं चार पानी पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही.

तर त्या रविवारी आम्ही पाच जणी गेलो. रावसाहेब वर्षभरापूर्वीच आलेले, देशावरचे, विधुर आणि सज्जन गृहस्थ. चहा पुढे करून ते घुटमळत राहिले.

"चाळीस मुलगे घेतले होते. चौदा उरले. उद्या तपासणी आहे, वर्ग भरलेले दिसले नाहीत तर मान्यता गेली. मग कॉलेजला कुलूप."

"मुलगे जातात कुठे?" जयमालाने विचारलं.

"जिन्यापर्यंत येतात. वर जात नाहीत. पाय ठेवला की... घंटा वाजते."

चांगुणामावशींना जाऊन तीन वर्षं झाली होती. जयमालाने तोंडाला पदर लावला. मला वाटलं घाबरली. ती हसत होती. मलाही आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू? वाटलं, बरी जिरवली मावशींनी!

"तुम्ही चढून दाखवा बघू," जयमाला म्हणाली.

साडेपाच वाजले असतील. आभाळ भरून आलं होतं, मिठागरावरून ओल्या चिखलाचा वास येत होता. रावसाहेबांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

घंटा वाजली. अगदी त्यांच्या नाकासमोर, रिकाम्या हवेत. आणि घोगरा आवाज आला, "पोरींनो... दारां लावा..."

आम्ही काय केलं असेल? पळून गेलो? छे! तिशी ओलांडलेल्या, पोराबाळांच्या आम्ही पाच बायका रावसाहेबांना ढकलून धडधड माडीवर धावलो आणि दारं लावून घेतली! सवय ती सवय. आतून कडी घातल्यावर मला भान आलं की मी कोंडलेय, एकटी, काळोख्या वर्गात.

घंटा थांबली होती. दारापलीकडे मावशींच्या मिश्रीचा वास आला.

"मावशी..." मी हाक मारली.

"कोन गं?"

"मी... पुतळा."

"बापया कोनी आनला?"

"मावशी, मुलगे आले नाहीत तर कॉलेज बंद पडेल. मग मुलींनी जायचं कुठे? गावातल्या अजून वीस जणी शिकतायत इथे..."

अगदी हळू आवाज आला, "तुज्या बापाला शबुद दिलाय मी."

मला रडूच आलं. सगळं जग तो शब्द विसरलं होतं, मीसुद्धा. "बा गेला, मावशी. त्याच्या वतीने मी तुम्हाला शब्दातून मोकळं करते."

दाराला नखं घासल्यासारखा आवाज झाला. "वहीत लिवा. कोनाचा कोन त्ये."

ती भेटवही! भाऊ किंवा वडील भेटायला आले की मुलीने त्यात पाहुण्याचं नाव, नातं लिहून सही करायची. सही असली की तो घरचा माणूस, बापया नव्हे, मग घंटा नाही. खाली येऊन जुन्या कपाटातून आम्ही वही शोधली, हजेरीपटावरची चौदा नावं उतरवली. जयमालाने एका दमात सहा मामेभाऊ केले. मिशा फुटलेला एक दांडगा मुलगा माझा भाचा झाला. मध्येच जयमाला म्हणाली, "कायमची ब्याद घरात घेतोय गं!" आणि डोळे पुसत सातवी सही केली.

पंधरावं नाव रावसाहेबांचं लिहिलं. पण सही करायची कोणी? पाचही जणी संसारी, आणि ते विधुर. सासरी कळलं तर काय सांगणार? "उद्या बघू," असं म्हणून वही मी माझ्या हाताने कपाटात ठेवली आणि कुलूप लावून किल्ली पनवेलला नेली.

सोमवारी मुलगे एकेक करून माडीवर गेले. घंटा नाही की आवाज नाही. तपासणीला दोघी बायकाच आल्या होत्या, देवाची कृपा! भरलेले वर्ग बघून त्या खूश झाल्या. मान्यता टिकली. आम्ही जिन्याखाली एकमेकींच्या गळ्यात पडलो, आणि पाहुण्यांना वर बसवून रावसाहेब माडीवरून हसत खाली आले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे वर गेलेच कसे?

मी कपाट उघडलं. त्यांच्या नावापुढे, सहीच्या जागी, जांभळ्या शाईचा अंगठा होता. शाई ओली होती. मावशींना लिहिता येत नव्हतं.

रावसाहेबांनी घाम पुसला. "पुतळाबाई... नातं काय दिलंय?"

"तो रकाना मोकळा आहे," मी म्हटलं.

विचारायला वर कोणी गेलं नाही. तेव्हापासून रावसाहेब माडीवर गेले की घंटा वाजत नाही. फक्त त्यांनी हात लावायच्या आधी दाराची कडी आतून निघते.