डावीकडचे चिरे

ओळंब्याची दोरी भिंतीपासून वर वीस मिलिमीटर दूर होती, खालीही वीस. मधे, जमिनीपासून एकशे बेचाळीस सेंटिमीटरवर, अंतर चौदा भरलं. भिंत तेवढ्याच जागी आत फुगली होती.

मी आचऱ्याला शाळेत रसायनशास्त्र शिकवते. घर समुद्रापासून दीडशे पावलांवर. पश्चिमेचं दोन फळ्यांचं फणसाचं दार खाऱ्या वाऱ्याने कुजलं, म्हणून फेब्रुवारीत मालवणहून तयार दार आणलं. ते तीन फुटांचं, एकाच फळीचं. जुनं पाच फुटांचं होतं, कारण जाळी त्यातूनच आत यायची. डावीकडे उरलेली दोन फुटांची जागा भिकाजी गवंड्याने चिरे लावून बुजवली.

आता जाळी येत नव्हती, कारण माझा नवरा मितेश येत नव्हता. तीन वर्षांपूर्वी होडी घेऊन गेला. होडी मिठबावजवळ सापडली, तो नाही. सासूबाई दर अमावास्येला म्हणायच्या, दर्भाचा पुतळा करून त्याचे दिवस घालूया, त्याला सुटू दे. मी म्हणायचे, पुरावा नाही.

फुगवटा पाहून भिकाजीने कान पकडला. "जुन्या चिऱ्यांत दात ठेवूक इसारलंय, बाईनू. जोड धरूक नाय."

त्याने टेकू लावला, चिरे काढले, जुन्या भिंतीत दात पाडून नवे बसवले, मधे दोन लोखंडी सळया घातल्या. आठ दिवसांनी भिंत पुन्हा फुगली. तीच जागा, तीच उंची.

"तीस वर्सां ह्या काम करतंय," तो म्हणाला. "भिंत पडतली ती भायर पडतली. ही आत येता. तुमी पोरांका शिकवतास, हिकापण सरळ उभी रवाक शिकवा." हसला, पण चहा न घेता गेला.

मी दर तासाला मोजू लागले. दिवसभर, रात्रभर काही नाही. सकाळी सहा ते सात, होड्या किनाऱ्याला लागतात तेवढ्या वेळात, एक मिलिमीटर.

बाहेरून त्या जागी चिरा ओला होता. त्याखालचा कोरडा. मार्च महिना. पुसलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले, पांढरा साका बसला. मीठ. इथे मीठ कुठेही सापडेल. पडवी आदल्या संध्याकाळी झाडली होती. तिच्यावर बारीक वाळूचा थर होता, त्यावर एकही पाऊल नव्हतं.

सासूबाई दारात उभ्या होत्या.

"किती उंचार गो, सारिका?"

मी भिंतीवर बोट ठेवलं. त्यांनी खूप वेळ पाहिलं.

"डावी फळी फुगान बसायची," त्या म्हणाल्या. "हातात जाळी. तो खांद्यान ढकली."

ती फळी आतून ओढायला मीच धावायचे.

भिकाजी दुसऱ्या दिवशी आतून भिंतीला आधाराचा धिरा बांधायला येणार होता. दीड फूट जाडीचा. चिरे अंगणात येऊन पडले होते.

सकाळी सहाला मी ओळंबा सोडून बसले. खाडीकडून इंजिनांचे आवाज आले. मग बंद झाले.

एकशे बेचाळीसवर भिंत सरळ होती. वीस मिलिमीटर.

मला हायसं वाटलं. ते मी नाकारणार नाही.

मग दोरी खाली हलली.

मी पट्टी लावली. फुगवटा होता, आता एकोणसाठ सेंटिमीटरवर. खूप रुंद.

"आता खंय?" सासूबाईंनी विचारलं.

मी खाली बसले, भिंतीला पाठ टेकून. फुगवटा माझ्या खांद्यांना बरोबर लागला. चिरा ओला होता, आतून.

पलीकडून कुणी ढकलत नव्हतं. नुसतं टेकलेलं होतं.

"दमलो गो तो," सासूबाई म्हणाल्या.

अंगणात भिकाजीची सायकल थांबली. मी उठले नाही.

"आये," मी म्हणाले, "भटाक बोलवया. मितेशचे दिवस घालूया."