खाली राहिलेली खुर्ची

पिवळ्या झालरींचा सदरा घातलेला बेसबॉलचा तो बॅटर आमच्या रांगेत आला आणि माझ्या शेजारी टेकायला निघाला.

"तिथं माणूस आहे," मी म्हणाले.

"कुठंय?" त्यानं खुर्चीकडं वाकून पाहिलं. "आणि कुणी नाही, तर मग ही बैठक खाली कशी राहिलीय?"

रांगेतल्या सगळ्या माना आमच्याकडं वळल्या.

आमच्या मैदानावरच्या खुर्च्या स्प्रिंगच्या. माणूस उठला की बैठक टपकन वर जाते. डॅडी जानेवारीत गेले. एप्रिलपासून त्यांची बैठक खालीच राहू लागली... वर केली तरी हळूहळू खाली यायची, कुणी गुडघे सांभाळत बसावं तशी. सगळ्यांनी पाहिलं होतं, बोललं कुणी नव्हतं. चेंडू टाकणारा पिचर एकही फटका न खाता चालला असेल, तर बेसबॉलवाली माणसं त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. बोललं की मोडतं. हेही तसंच.

आणि हा बॅटर, रॉस्को, मोठ्यानं बोलून मोकळा झाला.

जुना संघ बंद पडल्यावर रॉस्कोची ही नाचत खेळणारी मंडळी गावात आली होती. बॅटर ठेका धरत यायचा, अंपायर कोलांट्या मारायचा. डॅडी एकदाच आले आणि पहिल्याच डावात उठले. "ओपल, ही सर्कस आहे."

आमची जुनी रांग मात्र नेमानं यायची, नावं ठेवायला. मिस अर्लिन सगळ्यांत जास्त कुरकुरायच्या. मी त्यांच्या बुटांवर नजर ठेवून असे. खुर्चीखाली ते बरोबर ठेक्यात हलायचे.

रॉस्को दर सामन्याला उकडलेल्या शेंगा घेऊन वर यायचा, आणि आता पायरीवर बसायचा.

"रविवारी आम्ही निघतोय," एकदा तो म्हणाला.

"निघा की."

"तू थांब म्हणालीस, तर थांबतो."

माझ्या बोटांतली शेंग तशीच राहिली. "डॅडी ज्यावरून उठून गेले, तेच खेळणाऱ्याला मी थांब कशी म्हणू?"

"त्यांना हा खेळ आवडला तर?"

"तर मैदानात उतरून तुझ्याबरोबर नाचेन."

गेलेली माणसं मत बदलत नाहीत, या भरवशावर मी बोलले होते. तो हसला नाही. मला रात्रभर तेच टोचत राहिलं.

शनिवारी शेवटच्या सामन्यात दलदलीवरून धुकं आलं. दिवे नुसते पांढरे डाग झाले. रॉस्कोचा संघ एका धावेनं मागं, आणि तोच शेवटचा बॅटर. त्यानं मारलेला चेंडू रेषेबाहेर, उंच, आमच्या डोक्यावरच्या धुक्यात शिरला. यांच्या खेळात असा चेंडू प्रेक्षकानं झेलला तर बॅटर आउट. आम्ही सगळे हात वर करून उभे राहिलो.

चेंडू खाली आलाच नाही.

माझ्या शेजारी फक्त आवाज झाला — जुन्या, मुरलेल्या ग्लोव्हमध्ये चेंडू बसल्याचा. माझा डावा दंड बर्फासारखा गार पडला. डॅडींच्या खुर्चीत कुणी नव्हतं.

अंपायर वर पाहत नुसता उभा होता. चेंडू दाखवा म्हटलं असतं तर दाखवणार कोण? रॉस्कोला आणखी एक चेंडू हक्कानं मिळाला असता. तो आमच्या रांगेकडं बघत राहिला. मग त्यानं टोपी काढली, बॅट गवतावर ठेवली आणि आउट होऊन चालू लागला. सामना गेला.

मी तेवढ्यात माझा हिशोब केला : ज्याला खेळ नको असतो, तो झेलायला हात पुढं करत नाही.

मिस अर्लिननी गुडघे बाजूला घेतले. "जा बाई. वाट बघतोय तो." कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

मैदानातलं गवत ओलं होतं. रॉस्कोनं माझा हात धरला; पण ठेका काही धरेना.

"रोज हजार माणसांपुढं नाचतोस," मी म्हणाले. "आज काय झालं?"

"आज..." त्यानं माझ्या कानाशी आवाज खाली केला, "आज सासऱ्यांनी आउट केलंय."

सासरे कुणी ठरवले, असं विचारायला हवं होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पहिलं पाऊल चुकीचं टाकलं.