मागच्या खोलीसाठी राउटर

केरळात, शोरणूरला हंसाइक्कांच्या दुकानात मी राउटरची चौकशी करायला गेले, तेव्हा एक उंच, दाढी वाढलेला माणूस आपला राउटर परत द्यायला आला होता.

"खोकं फोडलंस, वापरलास, आता कसा परत घेऊ?" हंसाइक्का त्याला समजावत होते. "राहू दे घरी. लागेल कधीतरी."

"नाही लागणार," तो एवढंच म्हणाला.

मग इक्का, म्हणजे आमचे सगळ्यांचे दादा, माझ्याकडे वळले. मी सांगितलं... इंटरनेट कंपनीने दिलेला डबा पुढच्या खोलीत आहे. घर जुनं, जांभ्याच्या जाड भिंतींचं. अम्मा मागच्या खोलीत झोपून असते, तिथे इंटरनेट जेमतेम पोचतं. रतीशचेट्टन, माझा मोठा भाऊ, दोह्याहून व्हिडिओ कॉल करतो आणि अम्माला त्याचा गोठलेला, अर्धा चेहरा दिसतो.

"मग वेगळा राउटर घेच. पाच वर्षं बघायला नको."

पाच वर्षं! डॉक्टर महिनाभर म्हणाले होते. घ्यावा, तर अम्मा गेल्यावर तो रिकाम्या खोलीत दिवे मिचकावत राहणार. न घ्यावा, तर मीच तिचे दिवस मोजायला बसल्यासारखं.

"मला... थोड्याच दिवसांसाठी हवाय," मी म्हणाले.

इक्कांना कळलं नाही. त्या माणसाला कळलं. मी तशीच बाहेर पडले, तर तो मागोमाग आला.

"हा घेऊन जा. वडिलांच्या खोलीत लावला होता. एकच दिवस. दुसऱ्या दिवशी ते गेले."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळे जागरणाचे होते.

"अनोळखी माणसाकडून मी काही घेत नाही."

"मग ओळख करून घ्या. प्रजीष. शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. चहा बरा करतो."

"अंबिली. माझा चहा कुणी दुसऱ्यांदा मागत नाही."

"बघतो ना," तो म्हणाला. "राउटर बसवायला तरी यावंच लागेल."

दुसऱ्या संध्याकाळी तो आला. पुढच्या खोलीपासून भिंतीच्या कडेने वायर ओढत तो अम्माच्या खाटेपर्यंत पोचला. अम्मा उशीवरून त्याला न्याहाळत होती.

"लग्न झालंय का रे तुझं?"

"नाही, अम्मा."

"मग सावकाश लाव. घाई नाही."

माझे कान तापले. त्याने मान वर केली नाही, पण त्याचे खांदे हसत होते.

चेट्टनचा चेहरा पडद्यावर आला — अख्खा, हलणारा. अम्माने त्याच्या गालावर बोट टेकवलं आणि कॉलच बंद झाला. आम्ही तिघं हसलो. हसता हसता मला रडू फुटलं. प्रजीषने ते पाहिलंच नाही असं दाखवत, गुंडाळलेली वायर उलगडून पुन्हा गुंडाळली.

मग तो येत राहिला.

"राउटर बरा आहे ना?" दारातूनच विचारायचा.

"राउटरला काय होतंय? तुम्ही जेवलात का?"

कधी तो अम्माची कूस बदलायला हात द्यायचा. खाटेच्या दोन बाजूंना आम्ही, मध्ये तिचं उरलेलं हलकं शरीर... त्यावरून एकमेकांकडे पाहायचीही लाज वाटायची. तरी पाहायचो.

तुळम महिन्यातल्या, ऑक्टोबरअखेरच्या एका गडगडाटी दुपारी अम्मा गेली. दोह्याच्या कंपनीने चेट्टनला रजा दिली नाही. आमच्या रीतीप्रमाणे घरामागे दक्षिणेला आंब्याच्या लाकडांची चिता रचली, पावसासाठी वर पत्रे धरले. अग्नी कोण देणार, यावर मामा कुजबुजू लागले. मी पुढे झाले. मागच्या खोलीच्या खिडकीतून तिथवर इंटरनेट पोचत होतं. प्रजीष एका हातात चेट्टनचा कॉल चालू असलेला फोन आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन उभा होता. छत्री फोनवर होती, तो स्वतः भिजत होता.

त्यानंतर तो आला नाही. घरात सुतकाची माणसं होती, आणि आता विचारायला निमित्तही नव्हतं. मीही फोन केला नाही. आईला जाऊन चार दिवस झाले नाहीत तोवर... असं मलाच माझं वाटायचं.

मकर महिन्यात, जानेवारी संपता संपता चेट्टनला रजा मिळाली. चितेच्या जागी लावलेल्या नारळाच्या रोपापाशी तो बराच वेळ उकिडवा बसून होता. मग म्हणाला,

"त्या दिवशी फोन कोणी धरला होता?"

"का रे?"

"मी त्याला सारखं सांगत होतो, जवळ जा, मला अंबिलीचं तोंड दाखव. गेला नाही. म्हणाला, तिला आत्ता कोणी बघायला नको. तुम्ही अम्माकडे बघा, तिच्यासाठी मी आहे."

मी रोपाच्या बुडाची माती सारखी करू लागले.

"कोण आहे तो?" चेट्टनने विचारलं.

"मी त्याच्याशी लग्न करणार आहे."

हे बोलेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

त्याच दुपारी मी शाळेत गेले. प्रजीष वर्गातून बाहेर आला, बोटं खडूने पांढरी.

"अंबिली? काय झालं?"

"चेट्टनला तुम्हाला भेटायचंय. मी त्याला आपल्या लग्नाचं सांगितलंय."

आतली मुलं एकदम गप्प झाली.

"आणि मला कधी सांगणार होतात?"

"हे काय... सांगतेय."

त्याने हात पँटला पुसले. नीट पुसले गेले नाहीत, तसेच त्याने माझे हात धरले. त्याचे डोळे भरले होते, माझेही.

"तास संपेपर्यंत थांबाल?" त्याने हळूच विचारलं.

"थांबते," मी म्हणाले, आणि वर्गाबाहेरच्या पायरीवर बसले.