गुळाला घाम कुणी फोडला?

"चोर! ढेपा पळवतोस आणि वजन भरायला उरलेल्यांवर पाणी मारतोस व्हय रं?"

हंबीररावांचा आवाज अख्ख्या मंगळवार पेठेनं ऐकला. ढेपा ओल्या दिसल्या, एवढ्यावरूनच त्यांनी हा आळ घेतला होता. अठरा वर्षं त्यांच्या गुळाच्या गोदामाची राखण करणाऱ्या मीरासाबांनी किल्ल्या ठेवल्या आणि मान खाली घालून ते घरी गेले. ऐन गणपतीच्या सुट्टीत! त्यांची लेक जुलेखा सातवीत होती. अब्बा दोन दिवस जेवले नव्हते, की उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. तिच्याही घशाखाली घास उतरेना.

"नुसतं रडून काय व्हणार?" शेजारचा ज्ञानू म्हणाला. "अब्बांची छत्री राहिलीय म्हणून सांग, आत जाऊन बघूया!"

ज्ञानूचा धाकटा भाऊ गुंडूही निघाला. बाहेर रिपरिप चालूच होती. गोदामात ढेपा चिकट झाल्या होत्या, तळाशी पाक ओघळला होता आणि सगळ्या खिडक्या सताड उघड्या!

"अब्बा पावसाळ्यात खिडक्या कधीच उघडत न्हाईत," जुलेखा म्हणाली.

"मीच उघडल्या," हंबीरराव गुरगुरले. "वारं लागलं की गूळ वाळतो. एवढंबी कळत न्हाय?"

ज्ञानूनं सुट्टीतल्या प्रयोगासाठी शाळेतून मागून आणलेले दोन थर्मामीटर पिशवीतून काढून टांगले. एकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलं. "हवा कोरडी असली की फडकं वाळतं आणि ह्याचा पारा उतरतो."

तिघं डोळे लावून बसली. पारा जेमतेम अर्धा अंश उतरला!

"हवाच पाण्यानं भरलीय!" ज्ञानू ओरडला. "फडकं वाळंना, मग गूळ काय वाळणार? तो उलट हवेतलं पाणी ओढतोय!"

"थापा!"

"मग दोन दिवस द्या की," जुलेखा म्हणाली. आतल्या एका कोरड्या ढेपेचे तिनं दोन तुकडे केले. एक घट्ट झाकणाच्या डब्यात, दुसरा गोदामातच, खिडकीपासून लांब, उघड्यावर. "गुंडू, बघायचाय, खायचा न्हाय!" गुंडूनं बोट चाटत मान डोलावली. हंबीररावांनी स्वतः कुलूप घातलं.

तिसऱ्या दिवशी डब्यातला तुकडा खडखडीत! उघड्यावरचा मात्र पाझरत होता.

"कुलूप तुमचं, किल्ली तुमची, अब्बा घरात," जुलेखा म्हणाली. "मग ह्याच्यावर पाणी कुणी मारलं, काका?"

हंबीररावांनी उठून एकेक खिडकी लावली. मग मीरासाबांना बोलावलं, किल्ल्या पुढं केल्या आणि पुटपुटले, "चुकलं माझं. पोरगी लई हुशार हाय तुझी."

अब्बा हात पुढं करणार, तोच जुलेखा मधे आली. "चोर म्हणालात तवा सगळ्या पेठेनं ऐकलं. हे बी तेवढ्याच मोठ्यानं म्हणा की!"

हंबीरराव पायरीवर येऊन रस्त्याकडं तोंड करून ओरडले, "मीरासाब चोर न्हाय! चूक माझी हाय!"

समोरचा सायकलवाला थांबला. दोन-चार खिडक्या उघडल्या. अब्बांनी डोळे पुसले, किल्ल्या कमरेला लावल्या आणि हळूच विचारलं, "जुलेखा, घरात काय खायला हाय गं?"