ओट्याखालचा पंप

आईने फ्लॅट दोघी बहिणींच्या नावावर केला आणि जाता जाता घरात भांडण ठेवून गेली. थोरलीला तो विकायचा होता. धाकटीला मरेपर्यंत तिथेच राहायचं होतं. आईचं सगळं दुखणं तिनेच त्या घरात काढलं होतं. दोघींच्या सह्यांशिवाय काहीच हलणार नव्हतं, म्हणून दोघी एकमेकींच्या उरावर बसून होत्या. पुढच्या खोलीत थोरली शिवणयंत्र घेऊन, मागच्या खोलीत धाकटी.

त्यात धाकटीने स्वयंपाकघरात मासे आणले.

ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती, तेव्हा यातलं सगळं तिला कळत होतं. ओट्याखाली काचेची टाकी, टाकीत गोल्डफिश. ओट्यावर खड्यांनी भरलेला ट्रे आणि त्यात पुदिना, कोथिंबीर, बेझिल. माती औषधालाही नाही. पंप माशांचं घाण पाणी वर चढवतो, खड्यांवरचे जिवाणू त्या घाणीचं खत करतात, मुळं ते पितात आणि निवळलेलं पाणी परत खाली पडतं. जिवाणू लवकर धरावेत म्हणून तिने कुणाच्या तरी जुन्या टाकीतले मूठभर खडे आणून विरजणासारखे घातले होते. तो माणूस घर रिकामं करत होता. खडे हातात देऊन त्याने घाईघाईने दार लावून घेतलं.

"हे डबकं कशाला?" थोरलीने विचारलं.

"मला राहायचंय इथे. घरचा पाला खायचाय."

"खा की. पण माझ्या अर्ध्या ओट्यावर नको."

पाला आल्यावर मात्र आधी तीच खुडून खाऊ लागली. लाज नावाची गोष्ट तिच्याकडे कधी नव्हतीच, असं धाकटीचं मत होतं.

मग मासे खाईनासे झाले. खाद्य पाण्यावर फुगून तरंगायचं आणि धाकटी ते जाळीने काढून टाकायची. पाला मात्र माजला. पानं जाड, काळपट हिरवी, हाताला गार लागणारी. आत काही जात नाही तर बाहेर येतंय कुठून? तिने पाणी तपासलं. पाण्यात भरपूर घाण होती, कुणीतरी माशांना ठासून खाऊ घालत असल्यासारखी.

"ताई, टाकीत काय टाकतेस?"

"तुझ्या माशांना विष घालायचं असतं ना, तर सांगून घातलं असतं."

बोलता बोलता थोरली सुईत दोरा ओवत होती आणि तो ओवला जात नव्हता. धाकटीने तिची बोटं पाहिली. पांढरीफटक, सुरकुतलेली, तासन् तास पाण्यात राहावीत तशी.

"धुणं काढलं होतंस का?"

"सकाळपासून मशीनवरून उठले नाहीये मी. का?"

धाकटीने सुई तिच्या हातातून घेतली आणि दोरा ओवून दिला.

रविवारी दुपारी तिने पंप साफ करायला म्हणून बटण बंद केलं. पाण्याचा आवाज थांबला. त्याच क्षणी पुढच्या खोलीतलं यंत्रही थांबलं.

थोरली खुर्चीत ताठ बसली होती. तोंड उघडत होतं, मिटत होतं, आवाज नव्हता. धाकटीने तिची पाठ चोळली, खिडकी उघडली, डॉक्टरला बोलवावं म्हणून फोन घ्यायला स्वयंपाकघरात धावली. टाकीतले मासे वर आले होते. त्यांचीही तोंडं उघडत होती, मिटत होती. तीच लय.

तिने बटण दाबलं. पंप घुरघुरला.

पुढच्या खोलीतून लांबलचक श्वास ऐकू आला.

धाकटीला रडू कोसळलं. आपल्याला ताई हवी आहे, हे कितीतरी वर्षांनी तिच्या ध्यानात आलं. सगळं सांगून टाकायचं, या डबक्याचं काय करायचं ते दोघींनी मिळून ठरवायचं, असं मनाशी ठरवून ती बाहेर आली.

"तुझ्या पाल्याने जीव घेशील माझा," थोरली धापा टाकत म्हणाली. "उद्याच गिऱ्हाईक आणते घराला."

सांगायचं राहून गेलं.

गिऱ्हाईक आलं. थोरली त्याला कधी ताबा देणार ते सांगत असताना धाकटी ओट्यापाशी उभी होती. तिने बटण बंद केलं. क्षणभरच. तो माणूस चहा अर्धा टाकून निघून गेला.

पहिल्यांदा तिने घाईघाईने पंप परत चालू केला होता. पुढे घाई राहिली नाही. घराचा विषय निघाला की ती नुसती ओट्याकडे जायची आणि थोरली वाक्य अर्धवट सोडायची. कधी कधी बटणाजवळच्या तिच्या हाताकडे बघत राहायची. हल्ली थोरलीने पाल्याला हात लावणंही सोडलं होतं; सगळा धाकटीच्याच ताटात पडायचा. पण घर शांत होतं. धाकटीला इतकी गाढ झोप आई गेल्यापासून लागली नव्हती.

बुधवारी दुपारी प्रयोगशाळेत ती एक नळी उजेडात धरून पाण्याचा रंग बघत होती. श्वास घेतला. आला नाही.

नाक मोकळं, घसा मोकळा. हवाच नाही. नळी फुटली. कुणीतरी तिला खुर्चीत बसवलं.

खिशातला फोन वाजला. ताई. ती कधी फोन करत नसे.

"जेवलीस का गं?" थोरलीच्या आवाजात माया होती.

फोनमध्ये मागे स्वयंपाकघर अगदी शांत होतं.

"बोलत नाहीस? बरं, ऐक तरी. घर विकायचे कागद करून आणलेत. संध्याकाळी सही करायला लवकर ये."

टक्.

पाणी पडू लागल्याचा आवाज आला. धाकटीच्या छातीत हवा शिरली, गार, पुदिन्याच्या वासाची.

"हां," थोरली म्हणाली, "आता बोल."