अठ्ठ्याण्णव पॉइंट चार

बसा मोकाशी, कंदिलाच्या या बाजूला बसा, तिकडची भिंत अजून ओल धरून आहे. यादी आणलीत ना? मग वाचून घ्या आणि सही करा, म्हणजे चार्ज दिला असं मला मुंबईला कळवता येईल. खाटा चार, गाद्या चार, मच्छरदाण्या चार, कंदील सहा, त्यातल्या एकाची काच सारखी काळी होते. सूक्ष्मदर्शक विद्यार्थ्यांच्या सहीवर असतात, त्यांच्याशी आपलं देणंघेणं नाही. थर्मामीटर पाच.

थांबलात. मला वाटलंच होतं. विद्यार्थी चार, मग थर्मामीटर पाच कसे, हेच ना? सांगतो. न सांगता गेलो तर तुम्ही पाचवा उचलून कपाटाच्या तळाशी टाकाल, आणि मग एखाद्या पोराचं वाटोळं होईल. दिवेलागण झालीच आहे. पोरं दिवाळीला घरी गेलीत, ठमाबाई चुलीपाशी आहे. निवांत ऐका.

माझं मूळ काम महाडला कंपाउंडरचं. सहा वर्षांपूर्वी मुंबईच्या संस्थेने हिवतापाच्या अभ्यासासाठी ही जागा घेतली. पूर्वी इथे रस्त्याच्या कामावरचा ओव्हरसीअर राहायचा. संस्थेला विद्यार्थ्यांची व्यवस्था बघणारा माणूस हवा होता, मी आलो. पत्रात मला ‘निवासी सहायक’ म्हटलंय, पोलादपूरच्या बाजारात मात्र ‘डासवाले पंत’ म्हणतात. म्हणोत बापडे. पोरं एम.एस्सी. करून आलेली, कुणी डॉक्टरीच्या पुढचं शिकणारी. दिवसभर ओढे-गोठे हिंडायचे, अळ्या आणि डास धरून आणायचे, आणि रात्री नळीला डोळा लावून बसायचे. भूक लागली हेही त्यांना दुसऱ्याने सांगावं लागतं. पोरं डास सांभाळतात आणि मी पोरं सांभाळतो. जेवण, टपाल, धुतलेले कपडे, घरच्या आठवणीने कुणी रडवेला झाला तर त्याच्याशी दोन शब्द, हे सगळं माझ्याकडे. आणि ताप.

तापाचा नियम कडक आहे. रोज दिवेलागणीला प्रत्येकाच्या तोंडात त्याचा त्याचा थर्मामीटर लावायचा आणि आकडा नोंदवहीत लिहायचा. लागोपाठ दोन दिवस शंभराच्या वर गेला की तिसऱ्या दिवशी पोरगा दासगावच्या बोटीने मुंबईला. त्याची जागा यादीतल्या पुढच्याला. शिष्यवृत्ती गेली, काम गेलं, दुसऱ्याने पुरं करायचं. नियम निर्दय वाटतो, मलाही वाटायचा. तिथेच तर माझी चूक झाली.

एकतीस साली सयाजी उतेकर आला. इथलाच, उमरठचा. बाप भागोजी मुंबईला गिरणीत, आई लहानपणीच गेलेली. डोंगरातल्या पोराने एवढं शिकावं याचं मला फार कौतुक. बाकीची मुलं शहरातली, चिखलाला बिचकणारी. हा गुडघाभर पाण्यात उतरून अळ्या काढायचा. कुठल्या ओढ्यातला डास ताप देतो आणि कुठला नाही, हे त्याला जवळजवळ सापडलं होतं. आश्विन लागला आणि एका संध्याकाळी त्याच्या थर्मामीटरने एकशे एक दाखवला.

मी टाक उचलला, तर त्याने माझा हात धरला. एरवी शुद्ध बोलायचा, त्या वेळी घरचं बोलला. “पंत, लिवू नका. वीस दिस द्या मला. वीस दिसांत माजं काम व्हतंय. मंग काय लिवायचं ते लिवा.”

“अरे, नियम आहे.”

“मी गेलो तर पुन्यांदा कोन बोलवनार नाय मला. बा गिरनीत खोकतोय, पंत...”

मी अठ्ठ्याण्णव पॉइंट चार लिहिलं.

माया म्हणा, मूर्खपणा म्हणा. मला वाटलं मी त्याला आधार देतोय. तापावरचं औषध, संस्थेचं कोयनेल, सही करून घ्यावं लागतं, म्हणून माझ्या घरच्या डब्यातलं देत होतो, तेही पुरवून पुरवून. खरे आकडे कुठे तरी हवेत म्हणून त्याच डब्याच्या झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहीत गेलो. एकशे एक, एकशे दोन, मग एक दिवस शंभर. त्या दिवशी आम्ही दोघं हसलो, उतरला म्हणून. पुढे एकशे तीन, एकशे दोन, पुन्हा तीन, पुन्हा तीन, साडेतीन, आणि नवव्या दिवशी एकशे चार. वहीत नऊ दिवस अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

दहाव्या दिवशी सकाळी तो मला ओळखेना. भिंतीशी बोलत होता. बैलगाडी जुंपली, मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. दासगावला बोट गाठायची होती. महाडच्या अलीकडेच तो गेला. त्या दिवशी थर्मामीटर कुणी लावला नाही, झाकणावर दहावा आकडा नाही.

मुंबईहून संस्थेचे मोठे साहेब आले, त्यांनी वही पाहिली. “काल संध्याकाळपर्यंत नॉर्मल?” मी म्हटलं, हो, अचानकच. त्यांनी मान हलवली आणि अहवालात लिहिलं की या खोऱ्यातला ताप एका दिवसात माणूस नेतो. ते अजून तसंच छापलेलं आहे. त्या पोराने आयुष्य घातलं त्या अभ्यासात माझं खोटं जाऊन बसलंय.

ते एक वेळ सहन होतं. भागोजी सामान न्यायला आला तेव्हाचं होत नाही. वळकटी छातीशी धरून उभा राहिला आणि म्हणाला, “पंतानू, किती दिस ताप व्हता त्याला?”

मी म्हटलं, “एकच दिवस.”

त्याने डोळे पुसले. “मंजे लय सोसलं नाय पोरानं. तुमी व्हतात म्हनून...” आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं त्याने.

तेव्हापासून दर दिवाळीला गावी आला की नव्या भाताच्या पोह्यांची पुरचुंडी घेऊन येतो. माझ्या पोराला तुम्ही सांभाळला, म्हणतो. त्यातला एक दाणा मी तोंडात घातलेला नाही. ठमाबाई गुरांना घालते.

बापाला वळकटी दिली, पण सयाजीचा थर्मामीटर द्यायचा माझ्याकडून राहिला, किंवा मी मुद्दाम ठेवला म्हणा. डबीवर त्याच्या हातचं नाव आहे, तो पाहा फळीवर. पुढच्या साली नवी चार पोरं आली. सयाजीच्या खाटेवर बाळ पोंक्षे, पुण्याचा, भारी हसरा. एका संध्याकाळी चौघांचे आकडे लिहून झाले, चौघे ठणठणीत. फळी पुसताना ती डबी उघडी दिसली. सहज काढून उजेडात धरला. पारा एकशे दोनवर.

तुम्हाला ठाऊक आहे, पारा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही. वर्षभरापूर्वीचा असेल म्हणून झटकला आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहिला, एकशे दोन पॉइंट सहा. पोरांची थट्टा असेल म्हणून कपाटात कुलूप लावून ठेवला, किल्ली जानव्याला. तिसऱ्या दिवशी कुलूप काढलं आणि हाताला आधी वास आला. तापलेल्या अंगाचा असतो ना, आंबूस, ओल्या गोधडीचा. तो वास त्या कपाटातून येत होता. पारा एकशे तीन. मी ते कपाट तसंच उघडं टाकून ओसरीवर जाऊन बसलो.

ठमाबाई कंदील घेऊन आली. कापडे गावची आहे ती, शब्द मोजून बोलते. जवळ उभी राहून हळूच म्हणाली, “पंत, त्या पुन्याच्या पोराची गोधडी रोज सकाळी वली आसते.”

“त्याला ताप नाही ठमाबाई. आताच पाहिला मी.”

“तुमी सयाजीला पन नाय म्हनत व्हतात,” ती म्हणाली. “गोधडी मीच वाळत घालत व्हते.”

मी उठलो आणि तडक बाळच्या खोलीत गेलो. तो नळीत डोळा घालून बसला होता. मी काही न विचारता कपाळावर हात ठेवला, आणि तव्यावर ठेवावा तसा तो भाजला. पण त्याचा थर्मामीटर तीन दिवस अठ्ठ्याण्णव पॉइंट चार दाखवत होता. दरडावून विचारलं तेव्हा कबूल झाला. थर्मामीटर लावायच्या आधी तो माठातलं गार पाणी तोंडात धरून बसायचा.

“हे कुणी शिकवलं तुला?”

“कुणी नाही. पंत, लिहू नका...” त्याने माझा हात धरला. “वीस दिवस. वीस दिवस द्या मला.”

मोकाशी, सयाजी हे बोलला तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. बाळचा हात भट्टीसारखा तापलेला, आणि माझ्या मनगटाभोवती मात्र गारठा. त्या क्षणी मला रडू आलं. भीतीचं होतं की दुसरं काही, कुणास ठाऊक.

मी वहीत लिहिलं, पोंक्षे, एकशे तीन. सयाजीच्या थर्मामीटरवरचा आकडा. त्याच रात्री गाडी जुंपून त्याला दासगावला नेला. वाटभर तो मला शिव्या देत होता, माझा जन्म तुम्ही बुडवलात म्हणाला. बुडाला खरा. शिष्यवृत्ती गेली, आता कुठे कचेरीत कारकून आहे. पण आहे. मला पत्र पाठवत नाही, न का पाठवेना.

त्यानंतर आणखी दोघांना त्या थर्मामीटरने पकडून दिलं. पोरं लपवायला हुशार असतात, तो त्यांच्याहून हुशार आहे. म्हणून सांगतो, रोज आधी पाचवा पाहा, मग बाकीचे चार. तो पोरांची काळजी घेतो. मी घ्यायला हवी होती तशी घेतो.

आता सही करा. थांबा, अजून थोडं आहे. तुम्हाला महिनाभर आधीच का बोलावलं, ते राहिलंच.

पोरं गेली त्या संध्याकाळी फळी पुसायला घेतली, तर पारा एकशे एकवर. घरात मी आणि ठमाबाई. ती दणकट आहे, तिला लावून पाहिला, काही नाही. मला लावला माझा घरचा, यादीबाहेरचा, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. दुसऱ्या दिवशी सयाजीचा एकशे दोन. तिसऱ्या दिवशी शंभर. तेव्हा मी ट्रंकेतून कोयनेलचा डबा काढला आणि झाकण उलटं केलं. पोरांच्या वेळचे आकडे पोरांचे असायचे. हे झाकणावरचे आहेत. काल एकशे चार होता. तो नववा.

मला काही होत नाही हो. भूक लागते, झोप लागते, माझा थर्मामीटर रोज तेच दाखवतो. फक्त ठमाबाई परवापासून माझी गोधडी वाळत घालते आणि माझ्याकडे बघत नाही. दासगावला जावं म्हटलं, तर त्याच गाडीत त्याच रस्त्याने जायचं. ते माझ्याने व्हायचं नाही.

आज दहावा दिवस. दहावा आकडा कुठेच लिहिलेला नाही, म्हणून मी अजून पाहिलेला नाही. ती डबी द्या इकडे. नको, तुम्हीच उघडा. कंदिलापाशी धरा, थोडा फिरवा, म्हणजे पारा दिसेल. किती आहे?

पंच्याण्णवाच्याही खाली? सगळा पारा गोळ्यातच? काल मी झटकून ठेवला होता खरा... मग तसंच असेल.

ऐका, उद्या भागोजी पोहे घेऊन येईल. त्याला ओसरीवर बसवा आणि सांगा की ताप दहा दिवस होता. एक नव्हे, दहा, आणि पंतांना पहिल्या दिवसापासून माहीत होता. झाकण दाखवा त्याला, वाचता येत नसलं तरी नऊ आकडे मोजेल, दहाव्याचं तुम्ही सांगा. आणि पोहे परत द्या. मी स्वतः सांगणार होतो. पाच वर्षं सांगणारच होतो.

वहीत आजचं माझं नाव राहिलंय. माझ्या थर्मामीटरवर माझा भरवसा नाही, तुमचा हात द्या. इथे, कपाळावर ठेवा...

का हो? भाजलं तर नाही ना? मग हात का काढून घेतलात?

मोकाशी, ठमाबाईला कशाला हाक मारता... बसा. बरं, मला सांगू नका. पण वहीत लिहा. आजची तारीख, माझं नाव, आणि हाताला जे लागलं तेच लिहा.